सेऊलच्या बाजारात श्रावकाची पिशवी

परदेशप्रवासाला निघालेल्या कुटुंबाबरोबर आजकाल दोन याद्या असतात. एक पाहावयाच्या स्थळांची, ती आपण करतो. दुसरी आणावयाच्या वस्तूंची, ती आप्तेष्ट करून देतात. पूर्वी या दुसऱ्या यादीत सिंगापूरचे घड्याळ, दुबईचे अत्तर, स्वित्झर्लंडचे चॉकलेट असे. आता तेथे कोरियाने ठाण मांडले आहे. कर्जत-मुरबाड रस्त्यावरचे आमचे कशेळे हे भातशेतीचे आणि भीमाशंकरला पायी जाणाऱ्यांच्या वाटेवरचे साधे गाव. परंतु येथल्या महाविद्यालयीन मुलीही मोबाइलवर कोरियन मालिका पाहतात, नायिकेच्या नितळ त्वचेची चर्चा करतात आणि त्यांच्या क्रीमची नावे तोंडपाठ सांगतात.

गतवर्षी ऑक्टोबरात आम्ही उभयता, सूनबाई आणि नात असे चौघे सहा दिवस दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल येथे राहून आलो. निघताना कशेळे, कर्जत, खोपोली येथून आलेल्या मागण्या मी बँकेतल्या सवयीने एका कागदावर रकान्यांत मांडल्या. एकंदर तेवीस वस्तू झाल्या. त्या यादीच्या निमित्ताने जे पाहिले, त्यातील आपल्या व्यापारी कुटुंबांना उपयोगी पडेल ते येथे लिहीत आहे.

एका क्रीमच्या डबीपासून

कोरियातील सौंदर्यप्रसाधनांचा इतिहास आपल्या पेढीवाल्या मंडळींनी मुद्दाम वाचावा असा आहे. आज जगभर पसरलेल्या अमोरेपॅसिफिक या कंपनीचे मूळ केसोंग नावाच्या शहरात आहे. तेथे युन दोक-जोंग नावाची एक गृहिणी १९३० च्या दशकात कॅमेलियाच्या बियांचे केसांचे तेल काढून विकत असे. आपल्याकडे खोबरेल, तसे तेथे कॅमेलियाचे तेल. तिचा मुलगा सुह सुंग-ह्वान याने १९४५ मध्ये कंपनी स्थापन केली. १९५१ मध्ये युद्ध चालू असतानाच त्याने एरंडेल वापरून केसांचे पोमेड बाजारात आणले.

केसोंग आज उत्तर कोरियात आहे. परंतु एके काळी हे शहर कोरियातील सर्वांत नामांकित व्यापाऱ्यांचे होते. त्यांच्या हिशेबाच्या पद्धतीला ‘सागे चिबुबॉप’ म्हणतात. सुताराने चारही कोपऱ्यांचे सांधे बसवावेत, तसा देणे-घेणे आणि नफा-तोटा यांचा मेळ बसवणारी ही वही. दुहेरी नोंद पद्धतीवर युरोपात लुका पाचोलीचे पुस्तक १४९४ मध्ये छापले गेले, हे आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो. केसोंगची पद्धत मात्र युरोपाकडून न घेता स्वतंत्रपणे वाढली, असे कोरियन अभ्यासक आग्रहाने मांडतात. आपल्या नामे-जमेच्या वह्या आठवल्या की या आग्रहामागची भावना समजते.

दुसरी कथा एल. जी. ची. पुण्याजवळच्या रांजणगावात जिचे फ्रिज आणि धुलाईयंत्रे तयार होतात, त्या कंपनीचा आरंभ १९४७ मध्ये ‘लकी’ नावाच्या चेहऱ्याच्या क्रीमने झाला. क्रीम खपत असे, पण डबीची झाकणे वाटेत फुटत. न फुटणारे झाकण हवे म्हणून मालक प्लास्टिककडे वळले; प्लास्टिकपासून पुढे रेडिओ, दूरदर्शन संच असा विस्तार झाला. गिऱ्हाइकाची तक्रार मनावर घेतली तर ती नव्या धंद्याचे दार ठरते, हे आपल्या दुकानांत वडीलधारी मंडळी नेहमी सांगतात. येथे त्याचा पुरावा एका झाकणात सापडतो.

आणखी एक गोष्ट नव्या पिढीच्या उद्योजकांसाठी. सेऊलच्या दुकानांत शेकडो नाममुद्रा दिसतात, पण त्यांपैकी पुष्कळांचा स्वतःचा कारखाना नसतो. कोलमार कोरिया आणि कॉसमॅक्स यांच्यासारख्या मोठ्या कंपन्या इतरांसाठी माल बनवून देतात. कल्पना, वेष्टन आणि विक्री एकाची, उत्पादन दुसऱ्याचे. त्यामुळे थोड्या भांडवलाचा तरुणही बाजारात उतरू शकतो आणि दर हंगामाला नवा माल दिसतो.

म्योंगदोंग : दिव्यांची गल्ली

पर्यटक प्रथम जातो तो म्योंगदोंगला. १८९८ मध्ये पूर्ण झालेले विटांचे मोठे कॅथेड्रल एका टोकाला आणि त्याच्या पायथ्याशी प्रसाधनांच्या दुकानांच्या रांगा. बँकेत तारण जमिनींचे मूल्यांकन करण्यात आयुष्य गेल्यामुळे मला एका माहितीचे विशेष वाटले. दरवर्षी तेथे सरकार जमिनीचे दर जाहीर करते आणि २००४ पासून देशातील सर्वांत महाग जमीन म्हणून ज्या भूखंडाचे नाव येत आले आहे, त्यावर बँक नाही, सराफी पेढी नाही. चेहऱ्याला लावण्याच्या क्रीमचे दुकान आहे.

ऑलिव्ह यंग ही तेथील मोठी साखळी. आत निरनिराळ्या कंपन्यांचा माल एका छताखाली मिळतो आणि किमती छापील असतात, घासाघीस नाही. रस्त्यावरच्या काही दुकानांत विक्रेते हातात नमुन्याची पाकिटे देऊन आत बोलावतात. नम्रपणे नको म्हणावे, कोणी रागावत नाही.

मालाचे म्हणाल तर तांदळाच्या पाण्याचे द्रव, हिरव्या चहाचे लेप, कापडी मुखवट्यासारखे चेहऱ्यावर पसरण्याचे ओले मास्क आणि नाना तऱ्हेची सनस्क्रीन यांची रेलचेल. १८०९ मध्ये यी बिंगहॉगाक या विदुषीने ‘ग्यूहाप चोंगसॉ’ नावाचा गृहिणींसाठी ज्ञानसंग्रह लिहिला. त्यात स्वयंपाक, शिवण यांबरोबर प्रसाधनाचीही माहिती आहे. आजच्या काही कंपन्या आपल्या मालाचे नाते त्या ग्रंथाशी जोडतात.

सर्वांत गंमत वाटली ती ‘सिका’ या शब्दाची. अर्ध्याअधिक डब्यांवर तो झळकत होता. नातीने चित्र दाखवले तेव्हा ओळख पटली. आमच्याकडे भाताच्या बांधावर, ओलाव्याच्या जागी गोल पानांची जी वेल पसरते, जिला कोकणात कारिवणा आणि आयुर्वेदात मंडूकपर्णी म्हणतात, तीच ही वनस्पती. तांदूळ आमचा, कारिवणा आमचा. कर्जतला तर भाताचे संशोधन केंद्र असून तेथल्या वाणांना ‘कर्जत’ हेच नाव दिले जाते. घरचीच दोन पिके इतक्या दूर काचेच्या बाटलीत पाहून कौतुकही वाटले आणि आपल्या तरुणांनी यावर विचार करावा असेही वाटले.

यादीतील चौथी वस्तू

आता मुख्य विषयाकडे येतो. यादीत चौथ्या क्रमांकावर शेजारच्या कन्येने मागितलेले एक द्रव होते. जगभर खपणारी प्रसिद्ध वस्तू. नातीने मालिका पाहता पाहता कोरियन लिपी शिकून घेतली आहे. राजा सेजोंगने १४४३ मध्ये रचून १४४६ मध्ये प्रजेला दिलेली ही लिपी आज चोवीस मुळाक्षरांची, शिकण्यास सोपी. तिने बाटलीवरचा शब्द वाचला, ‘दालफेंगी’, आणि ती थांबली. दालफेंगी म्हणजे गोगलगाय. बाटलीतील द्रवाचा बहुतांश भाग गोगलगायीच्या स्रावाचा होता आणि तसे इंग्रजीतही स्पष्ट छापले होते. कंपनीने काही लपवले नव्हते; वाचणे आपले काम होते.

आमच्या कशेळ्यात मृगाच्या सरी पडल्या की भिंतींवर, अंगणात, बांधावर गोगलगायी निघतात. अशाच असंख्य जीवांवर पाय पडू नये म्हणून आपले साधू-साध्वी चार महिने विहार थांबवून एका ठिकाणी राहतात. तो चातुर्मासाचा आचार लहानपणापासून पाहिलेल्या आम्हा चौघांना त्या बाटलीसमोर क्षणभर काही सुचेना. स्राव काढण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. गोगलगायींना केवळ जाळीवर फिरू देतो, इजा करत नाही, असे काही उत्पादक सांगतात. काही ठिकाणी त्यांना डिवचून स्राव काढला जातो. दुकानातल्या बाटलीवरून हे कळण्याचा मार्ग नाही.

सूनबाई म्हणाल्या, “बाबा, आपल्याला वापरायचे नाहीच. पण ही दुसऱ्यांची मागणी आहे. त्यांनी पैसे दिले आहेत. आपण फक्त आणून द्यायचे.”

प्रश्न रास्त होता. व्यापारात आपण अडत्या म्हणून दुसऱ्याचा माल पोचवतोच. परंतु आपल्या शास्त्रकारांनी हिंसेचा विचार तीन पायऱ्यांनी केला आहे : स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केलेल्याला अनुमोदन देणे. आणून देण्याने मागणी वाढते आणि मागणी हेच अनुमोदन, असे मला वाटले. पण शेजारच्या कन्येवर आपले नियम लादणे हेही योग्य नव्हे. तिचे पैसे, तिचा निर्णय.

मार्ग नातीने काढला. तिने तेथूनच त्या मुलीला संदेश पाठवला : यात हे आहे, आम्ही आमच्या हाताने घेणार नाही, तुला हवे असल्यास भारतातही मिळते, किंवा कारिवण्याचे आणि तांदळाचे अशी दोन द्रवे आहेत, त्यांची छायाचित्रे पाठवते. दहा मिनिटांत उत्तर आले. तिला गोगलगायीचे ठाऊकच नव्हते. नाव इंग्रजी असल्याने तिने लक्ष दिले नव्हते. तिने तांदळाचे द्रव सांगितले. उपदेश न करता माहिती दिली, तर तरुण मंडळी स्वतःच विचार करतात, हा अनुभव मला त्या प्रवासातला सर्वांत मोलाचा वाटतो.

डबीवर काय वाचावे

आपल्याकडे खाद्यपदार्थांच्या पाकिटावर हिरवा ठिपका पाहण्याची सवय आहे. कोरियन प्रसाधनांवर तो नसतो, घटकांची यादी मात्र असते. त्या यादीत पुढील नावे शोधावीत :

- स्नेल सिक्रीशन फिल्ट्रेट : गोगलगायीचा स्राव.
- हनी, प्रोपोलिस, रॉयल जेली, बीझवॅक्स किंवा सेरा अल्बा : मधमाशांपासून. ओठांच्या मलमात मेण फार आढळते.
- कार्माइन किंवा सीआय ७५४७० : कोचिनील किड्यांपासूनचा लाल रंग, लिपस्टिकमध्ये पाहावा.
- लॅनोलिन : मेंढीच्या लोकरीतील मेणचट द्रव्य.
- कोलॅजन, इलास्टिन : बहुधा मासे वा अन्य प्राणी यांपासून.
- पीडीआरएन : सध्याचे नवे आकर्षण, मूळ रूपात साल्मन माशापासून. वनस्पतिजन्य असल्याचा दावा असेल तर तसे डबीवर लिहिलेले असते.
- पर्ल, सिल्क, सेरिसिन : मोती आणि रेशीम.

काही द्रव्ये दोन्हीकडून मिळू शकतात. ग्लिसरीन व स्टिअरिक ॲसिड चरबीपासूनही होते आणि वनस्पती तेलापासूनही; स्क्वालेन शार्कच्या यकृतापासूनही आणि ऑलिव्ह वा उसापासूनही. अशा वेळी ‘व्हीगन’ हे प्रमाणचिन्ह पाहावे. कोरियनमध्ये तो शब्द ‘बिगॉन’ असा लिहितात व अनेक दुकानांत त्याचा वेगळा कप्पा असतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. प्राण्यांवर चाचणी केली नाही, एवढ्याने वस्तू प्राणिजन्य घटकांपासून मुक्त ठरत नाही. भारताने २०१४ मध्ये प्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी आणि तशी चाचणी केलेल्या मालाची आयात यांवर बंदी घातली. दक्षिण कोरियातही २०१७ पासून बहुतांशी बंदी आहे. सशाचे चित्र चाचणीविषयी सांगते, घटकांविषयी नाही. आणि ज्यांचा कंदमुळांचा त्याग बाह्य वापरालाही लागू आहे, त्यांनी जिनसेंग हे मूळ आहे हे लक्षात घ्यावे.

दोंगदेमुन : रात्रीचा कापडबाजार

कपड्यांसाठी दोंगदेमुनला जावे. जुन्या पूर्ववेशीजवळ झाहा हदीद यांनी रचलेली, २०१४ मध्ये खुली झालेली चंदेरी वळणदार इमारत आहे आणि तिच्या सभोवती बहुमजली कापडबाजार. ऑक्टोबरात तेथे सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. चौविहार सांभाळून, आधीच जेवून, आम्ही संध्याकाळी तेथे गेलो, तेव्हा घाऊक बाजाराचा दिवस उगवत होता. घाऊक इमारती रात्री उघडतात आणि पहाटेपर्यंत चालतात. देशभरातील दुकानदारांचा माल गोळा करून पोचवणारे लोक पाठीवर मोठाली गाठोडी घेऊन धावत असतात. त्यांना तेथे ‘सामचॉन’, म्हणजे काका, म्हणतात. विश्वासावर चालणारे आपले आंगडिये आठवले.

आज डोळ्यांना दिसलेली नवी तऱ्हा दोन-चार दिवसांत शिवून मांडणीवर येते, कारण कापड, बटणे, शिलाई सारे हाकेच्या अंतरावर. जवळच्या चांगशिनदोंग वस्तीत छोट्या शिलाईखोल्या आहेत आणि मोटारसायकलींवरून कापडाचे तागे ये-जा करतात. मूळजी जेठा मार्केट, मंगळदास मार्केट पाहिलेल्या माणसाला हे वातावरण परके वाटत नाही.

एकच नग हवा असेल तर घाऊक दुकानदार बहुधा देत नाही. त्यासाठी शेजारच्या किरकोळ इमारती आहेत. अनेक ठिकाणी ‘फ्री साइज’ म्हणून एकच माप असते आणि अंगावर घालून पाहू देत नाहीत. आपल्या भगिनींनी घरून मापाची फीत न्यावी. हिवाळी जाकिटे तेथे फार स्वस्त आणि उबदार, पण आत बहुधा पिसे असतात. पट्टीवर ‘ओरी’ म्हणजे बदक, ‘गॉवी’ म्हणजे हंस, ‘गाजुक’ म्हणजे चामडे. पॉलिस्टर भरलेली जाकिटेही मिळतात. सूनबाईंनी विचारून तशीच घेतली.

याच बाजाराला लागून चॉंगग्येचॉन हा ओढा वाहतो. २००५ मध्ये त्यावरचा उड्डाणरस्ता काढून तो पुन्हा मोकळा केला. त्यावरील एका पुलावर एका तरुणाचा अर्धपुतळा आहे. त्याचे नाव चॉन ते-इल. हा प्योंगह्वा बाजारातला शिलाई कामगार. तेथील माळ्यांवर, उभे राहता येणार नाही इतक्या कमी उंचीच्या खोल्यांत, कोवळ्या मुली दिवसाचे चौदा-चौदा तास कपडे शिवीत. कायदा होता, पण पाळला जात नव्हता. अर्जविनंत्या करून थकल्यावर १३ नोव्हेंबर १९७० रोजी, वयाच्या २२ व्या वर्षी, त्याने कामगार कायद्याच्या पुस्तकासह स्वतःला पेटवून घेतले. आत्मदहनाचे समर्थन आपण करू शकत नाही. पण त्याच्या मृत्यूनंतर त्या देशात कामगारांच्या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी बदलली, हे खरे.

गिरणगावचा संप पाहिलेल्या माझ्या पिढीला तो पुतळा बोलका वाटतो. गोगलगायीचा विचार करणाऱ्या आपण कपडा शिवणाऱ्या हातांचाही विचार करावा. अहिंसेचे वर्तुळ मुक्या जीवांपासून सुरू होते, पण माणसाला वगळून ते पूर्ण होत नाही. आपल्यापैकी कित्येकांची कापडाची दुकाने, शिलाईचे कारखाने आहेत. त्यांना अधिक सांगणे न लगे.

बँकेतल्या माणसाच्या चार सूचना

पहिली : छापील किमतीत दहा टक्के कर धरलेला असतो. परदेशी पाहुण्यास नोंदणीकृत दुकानात किमान १५,००० वॉनच्या खरेदीवर त्यातील काही भाग परत मिळतो. रुपयाला ढोबळ मानाने पंधरा-सोळा वॉन धरल्यास हे हजारेक रुपये झाले. बऱ्याच दुकानांत पारपत्र दाखवल्यास तिथल्या तिथे वजावट होते, म्हणून पारपत्र जवळ ठेवावे आणि पावत्या जपाव्यात.

दुसरी : कार्डाचे यंत्र रक्कम रुपयांत घ्यावी की वॉनमध्ये, असे विचारते. नेहमी वॉन निवडावे. रुपये निवडल्यास दुकानाकडील चढा दर लागतो.

तिसरी : शंभर मिलिलिटरवरील द्रव विमानात हातसामानात चालत नाही; बाटल्या मोठ्या पेटीत ठेवाव्यात. परतताना शुल्कमुक्त सामानाची मर्यादा असते आणि ती वेळोवेळी बदलते. निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाची ताजी माहिती पाहावी.

चौथी : कोरडा, थंड हिवाळा असलेल्या देशासाठी बनवलेली दाट क्रीमे कोकणच्या दमट हवेत मानवतीलच असे नाही. लहान नग आणून आधी मनगटावर लावून पाहावे.

जेवणाची चिंता अनेकांना असते. बौद्ध मंदिरांच्या परंपरेतील भोजनात मांस तर नसतेच, शिवाय लसूण, कांद्याची पात अशी पाच उग्र द्रव्ये वर्ज्य असतात. त्यांत चक्क आपला हिंगही आहे! चोग्येसा मंदिराच्या परिसरात असे भोजन मिळते. त्यात मुळा, बटाटा असू शकतो, तेवढे विचारून घ्यावे.

तेवीस वस्तूंपैकी सतरा आम्ही आणल्या, चार बदलून आणल्या आणि दोघींनी स्वतःहून रद्द केल्या. नातीने घटकांच्या नावांचा एक कागद मराठीत तयार केला असून तो आता कशेळ्यातल्या तिच्या मैत्रिणींत फिरत आहे. तिच्या आजीचा बेसन-आंबेहळदीचा डबा घरात अजून आहेच. आपल्या घरातून कोणी कोरियाला जाणार असेल तर अवश्य जावे, बाजार डोळे भरून पाहावा, हौसेने खरेदीही करावी. फक्त पैसे देण्यापूर्वी डबी उलटी करून मागची बाजू वाचावी.

जय जिनेंद्र.